हद्दीबाहेरचा नवरंग

भाऊसाहेबांच्या वहीत कावळ्याची नोंद येते ती अशी : अनुक्रमांक, दिनांक, वेळ, कब्जेदार (गावकावळा), नग (१४), गट क्रमांक, पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस काय, उत्तरेस काय, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात लिहिलेलं असतं, ‘उडून गेले.’ खाली दोन पंचांच्या सह्या.

रायगड जिल्ह्यात रोहा, माणगाव, महाड अशा बदल्या भोगून भाऊसाहेब तलाठी म्हणून निवृत्त झाले आणि आपल्या गावी येऊन राहिले. सरकारने २०२४ साली तलाठ्याचं ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं, पण तोवर हे घरी बसलेले. त्यामुळे ते कायमचे तलाठीच राहिले, आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार होती ती रिकाम्या हातांची. निवृत्तीनंतर माणसं वारीला लागतात, नाहीतर देवळाच्या ट्रस्टमध्ये भांडायला लागतात. भाऊसाहेबांना नोंदीवाचून अन्न गोड लागेना, आणि माणसांच्या जमिनीची नोंद करायचा अधिकार तर गेलेला. सरकारने विचारलं नव्हतं असे तीनच खातेदार गावात शिल्लक होते : पक्षी, पतंग आणि रानफुलं. भाऊसाहेबांनी तिघांचं दप्तर उघडलं.

आता निसर्गाची नोंद ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. शहरातून येणारे बहुतेक जण काहीतरी ‘मिळवायला’ आलेले असतात. अंगावर जंगलात मिसळून जाणारे कपडे, गाडी मात्र लालभडक. मेच्या अखेरीस असे दोघे-चौघे गावात येतात, भाऊसाहेबांच्या गळ्यातली दुर्बीण बघून गाडी थांबवतात आणि काच खाली करून विचारतात, “काका, काही स्पेशल?” भाऊसाहेब वही उघडतात आणि पहिल्या पानापासून वाचायला लागतात. “साळुंकी, नग सहा. चिमणी, नग नऊ. कावळा...” तिसऱ्या ओळीला काच वर गेलेली असते.

स्पेशल ही भाऊसाहेबांच्या दप्तरात वर्गवारीच नाही. कावळ्याला जेवढे रकाने तेवढेच स्वर्गीय नर्तकाला. सात-बाऱ्यावर पाटील आणि पाड्यावरचा म्हातारा एकाच शाईत येतात, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात ते तसं येतंच असं नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच कदाचित पक्ष्यांच्या बाबतीत ते इतके कडक असावेत.

दुसरा कडकपणा हद्दीचा. गावच्या पूर्वेला वनखात्याचा बुरूज, पश्चिमेला ओढा. ओढ्यापलीकडे दुसरी सजा. पलीकडच्या झाडावर साक्षात गरुड येऊन बसला तरी भाऊसाहेब पेनाचं टोपण काढत नाहीत. “माझ्या अधिकारक्षेत्रात नाही,” म्हणतात आणि गरुडाकडे पाठ करतात. अलीकडे यायचं की नाही हा गरुडाचा प्रश्न.

हे मला सविस्तर माहीत, कारण मी त्यांचा पंच आहे. गाव माझ्या आजोळचं. कायमचे पंच माझे मामा, पण गुडघ्यांनी त्यांचा राजीनामा दिल्यावर आंबे खायला येणाऱ्या भाच्याची नेमणूक झाली. रोहिणी लागल्या होत्या, वळवाची एक सर पडून गेली होती, आणि रात्री अमावास्या होती. भाऊसाहेब पहाटे पाचलाच दारात हजर.

“भाचेबुवा, चला. पाहणी आहे.”

खिशात दोन पेनं : निळं नोंदीचं, लाल शेऱ्याचं. बगलेत वही, गळ्यात नातीने पाठवलेली दुर्बीण. पायात त्याच वहाणा, ज्यांनी तीन तालुक्यांचे बांध तुडवले. चाल अशी की दर वीस पावलांवर थांबायचं, आणि थांबलं की मागच्याने बोलायचं नाही.

अंधार फिटायच्या आत पावशाने सुरुवात केली. ‘पेर्ते व्हा’ म्हणून तो शेतकऱ्याला सांगतो असं आपण समजतो. भाऊसाहेबांच्या दृष्टीने तो गावातला सर्वांत मुरलेला अतिक्रमणदार आहे. दिसायला शिक्र्यासारखा. हा आला की शिकारी पक्षी आला असं वाटून लहान पाखरं धास्तावतात. मादी अंडं घालते सातभाईंच्या घरट्यात, आणि ते सातभाई दिवसभर कलकलाट करत दुसऱ्याचं पोर वाढवतात. “कुळकायद्याने एक एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला,” भाऊसाहेब म्हणाले. “पण त्याला आधी कसावं लागलं. हा काय कसतो?” त्यांनी पावशाच्या नावापुढे लाल पेनाने ‘अनधिकृत भोगवटा’ असा शेरा मारला आणि सातभाईंच्या नावापुढे ‘समज दिली’. समज खरोखरच दिली होती. मी तिथे होतो.

पुढे नांगरलेल्या तुकड्यात टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. तिने ढेकळांत, उघड्यावर चार अंडी मांडली होती, मातीच्या रंगाची, पायाखाली आली तरी कळू नयेत अशी. भाऊसाहेबांनी लांबूनच वळसा घेतला, मलाही घ्यायला लावला, आणि लिहिलं : ‘टिटवी, अंडी ४, जमिनीचा प्रकार : पोटखराबा.’ शेतमालकाला निरोप गेला की तेवढ्या चार हात जागेत पिल्लं चालती होईपर्यंत औत घालू नये. निरोप तोंडी होता, पण माजी तलाठ्याचा निरोप कोकणात कुणी तोंडी समजत नाही. त्या शेतकऱ्याने तिथे काठ्या रोवून दोरी बांधली होती.

मग शिक्रा ओरडला. नात आजोबांच्या मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप घालून गेली आहे. त्यानेही तात्काळ ‘शिक्रा’ म्हणून साक्ष दिली. मी अनुमोदन दिलं. भाऊसाहेब मात्र ऐनाच्या शेंड्याकडे बघत राहिले. शेंड्यावर भृंगराज बसला होता, शेपटीच्या दोन लांब तारांना दोन पताका लावून, आणि शिक्र्याचा आवाज तो काढत होता. एका दमात शिक्रा, मग हळद्या, मग आणखी कुणीतरी, अशी नक्कल करण्यात त्याचा हात धरणारा रानात नाही. भृंगराज म्हणजे कोतवालाचाच भाऊबंद. भाऊसाहेबांना ते फार लागलं. “आमच्या खात्यातला माणूस,” ते म्हणाले, “आणि खोटी साक्ष.”

ओढ्याशी पोचलो तेव्हा उजाडत होतं, आणि तिथे खरा घोळ झाला. पलीकडून शीळ आली. दोन सुरांची, स्वच्छ, कुणी माणसाने घालावी तशी. थोड्या वेळाने पुन्हा. नवरंग! हिवाळा दक्षिणेत काढून हा पक्षी पावसाच्या तोंडाशी आपल्याकडे विणीला येतो. हिरवा, निळा, काळा, पिवळसर, पोटाखाली लाल. पण इतके रंग अंगावर घेऊन पाचोळ्यात असा उड्या मारत हिंडतो की दिसत म्हणून नाही. सकाळ-संध्याकाळच्या त्या शिळेवरूनच त्याचा पत्ता लागतो.

“लिहा की,” मी म्हणालो.

“कुठे आहे तो?”

“पलीकडे. पण आवाज तर इकडे आलाय.”

“शेजारच्या गावात गवत पेटलं आणि धूर इकडे आला, तर आग मी माझ्या गावात दाखवू?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाऊसाहेब जांभळीखाली बसले, वेळ टाकली, कब्जेदाराचा रकाना मोकळा ठेवला आणि नवरंगाने ओढा ओलांडायची वाट बघू लागले. ओढा कोरडा होता, रुंदी असेल दहा पावलं. नवरंग शिट्टी घालत होता. ऊन अंगावर आलं तेव्हा भाऊसाहेबांनी मोकळ्या रकान्यात लिहिलं, ‘निरंक’.

या निरंकाबद्दल सांगायला हवं. आपण काही दिसलं तर लिहितो. भाऊसाहेब दिसलं नाही तेही लिहितात, आणि मला विचाराल तर त्यांच्या दप्तराचा कणा तोच आहे. ‘माळावरचा वड, गिधाडं : निरंक.’ ही ओळ त्यांनी दर महिन्याला, एकही न चुकवता लिहिली आहे. लहानपणी त्या वडावर गिधाडं मोजता येत नसत असं मामा सांगतात. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशभर ती मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. वड अजून आहे. भाऊसाहेब त्याच्याखाली उभे राहतात, वर बघतात, लिहितात आणि पुढे जातात. त्या एका ओळीवर ते लाल पेन चालवत नाहीत.

फुलांच्या बाबतीत त्यांनी पैसेवारी लावली आहे. पिकाची लावतात तशी. नात म्हणाली होती, आजोबा, झाडं कधी फुलतात, किती फुलतात याचीही देशभर नोंद ठेवतात म्हणे. आजोबांना पद्धत शिकावी लागली नाही. बहावा ६५ पैसे, उतरता. कुडा ९० पैसे, सर्व टेकडी पांढरी. ताम्हण ४५ पैसे. पन्नासच्या खाली गेलं की टंचाई, आणि ताम्हण तर राज्याचं फूल. भाऊसाहेब त्या जांभळ्या झुबक्यांखाली बराच वेळ घुटमळले, पुन्हा मोजदाद केली, पण पैसे वाढवले नाहीत. शेरा तेवढा मारला नाही. राज्यफुलावर शेरा मारणं शिस्तीत बसत नाही.

जुन्या आंब्याच्या खांदीवरून सीतेची वेणी लोंबत होती, गुलाबी-पांढऱ्या फुलांचा भरगच्च घोस. झाडाचा मालक कोयता घेऊन उभा. “बांडगूळ आहे, भाऊसाहेब. काढून टाकतो.” भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे सुनावणी घेतली. शेजारच्या फांदीवर बांडगूळही होतं. ते झाडाच्या अंगात मुळं घालून त्याचंच पाणी पितं. ही आमरी मात्र सालीवर नुसती बसते, हवेतली ओल आणि पावसाचं पाणी घेते, झाडाच्या अन्नाला हात लावत नाही. “हा भाडेकरू आहे,” त्यांनी निवाडा दिला, “आणि तो चोर. तुम्ही भाडेकरूला काढताय.” मालकाने कोयता खाली घेतला. भाडं किती मिळेल, असंही त्याने विचारून पाहिलं.

खाली ओलसर जागेत शेवळं उगवली होती. भाऊसाहेबांनी मोजली : अकरा. चतुःसीमा लिहीपर्यंत कातकरवाडीतली एक आजी आली, अकराही उपटून टोपलीत टाकली, आणि वर विचारलं, “काकड हाय का रं कुठं जवळ? त्याबिगर खाज जात नाय.” काकडाचं झाड कुठे आहे ते वहीत होतं, गट क्रमांकासह. ते सांगून भाऊसाहेबांनी शेवळांपुढे शेरा मारला, ‘पीक कापणी पूर्ण’, आणि पंच म्हणून आजीचा अंगठा घेतला. शेवळं कुठे, कधी, किती येतात हे आजीला वहीवाचून पाठ आहे. भाऊसाहेब हे जाणून आहेत. तिच्यासमोर ते पान उलटताना जरा घाई करतात.

दुपारी जेवण झाल्यावर दप्तर ऑनलाइन चढतं. भाऊसाहेब वाचून दाखवतात, पुण्याहून नात फोनवर ऐकून ई-बर्डवर भरते. त्या यादीत संख्या माहीत नसेल तर नुसतं ‘एक्स’ टाकायची सोय आहे. पक्षी होता, मोजला नाही, असा अर्थ. भाऊसाहेबांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस अस्वस्थ होते. “म्हणजे मोजले नाहीत, हे स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं?” एकदा मात्र त्यांना या कारभाराबद्दल आदर वाटला. त्यांची एक नोंद हंगामात बसेना, म्हणून तपासणाऱ्याने तपशील विचारला. खुलासा मागवला होता! नोकरीभर खुलाशाला घाबरलेला हा माणूस मोहरून गेला. उत्तर चार पानी गेलं, सोबत हातनकाशा, उत्तर दिशेच्या बाणासह.

रात्रीचा कार्यक्रम पतंगांचा. पतंगांना अमावास्या हवी, कारण चांदणं असलं की दिव्यावर ते कमी येतात. ग्रामपंचायतीने एलईडी लावले तेव्हा खांबावरून उतरलेला मर्क्युरीचा दिवा भाऊसाहेबांनी लिलावात रीतसर बोली लावून घेतला आहे. पतंगांना भुलवणारे अतिनील किरण त्या जुन्या दिव्यात भरपूर, नव्यात जवळजवळ नाहीतच. दिव्यामागे पांढरी चादर ताणायची. चादर काकूंची.

“अहो, ही लेकीच्या लग्नातली आहे,” काकू दारातून म्हणाल्या. “मागची अजून डाग धरून बसलीय.”

“सरकारी कामासाठी आहे.”

“कुठलं सरकार?”

भाऊसाहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

तासाभरात चादर भरली. भारतात फुलपाखरांच्या जाती दीड हजाराच्या आत, आणि पतंगांच्या दहा हजारांवर. पण फुलपाखराला मराठी नाव आहे, मान आहे, नीलवंताला तर राज्य फुलपाखराचा दर्जाही आहे. पतंगांत बहुतेक सगळे बेवारस. हॅम्पसन नावाच्या इंग्रजाने १८९२ ते १८९६ मध्ये चार खंड भरून त्यांची नोंद केली. त्यावर भाऊसाहेबांचा आक्षेप एवढाच की गट क्रमांक दिलेले नाहीत. स्वतः नाव ठेवायला ते तयार नाहीत. नामकरण त्यांच्या अधिकारात नाही. मग चादरीवर ‘अनोळखी इसम क्र. १’पासून सुरुवात होते.

ओळखीचेही होते. पंखांवर मोठाले डोळे काढलेला घुबड्या रंगाचा एक. जेटच्या आकाराचा, हिरवा, कण्हेरीवरचा दुसरा. फळात सोंड खुपसून रस पिणारा तिसरा. त्याची अळी गुळवेलीवर वाढते आणि मोठा झाला की बागायतदाराच्या फळांना भोकं पाडतो. शेरा : ‘बालपणी सालस.’ मागच्या पावसाळ्यात ॲटलस आला होता, वीतभर पंखांचा. वर्तमानपत्रात ‘दुर्मिळ’ म्हणून छापून आला. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे तो दुर्मिळ म्हणून छापून येतोच. प्रौढ ॲटलसला खायला तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्यावर तो आपले थोडके दिवस काढतो. भाऊसाहेबांच्या वहीत त्याच्या उत्पन्नाच्या साधनापुढे लिहिलं आहे, ‘निवृत्तिवेतन’.

आता अमावास्येच्या रात्री, रानाच्या कडेला, ताणलेली पांढरी चादर, प्रखर दिवा, आणि हातात वही घेतलेला तलाठी. दुसऱ्या जिल्ह्यात लोक म्हणाले असते, गुप्तधन. रायगडात लोक म्हणतात, भूसंपादन. दहाच्या सुमाराला बॅटऱ्या हलत आल्या.

“भाऊसाहेब, मोजणी कसली?”

“पतंगांची.”

“ते झालंच. पण रस्ता कुणाच्या शेतातून चाललाय?”

कितीही सांगितलं तरी पटेना. सकाळी झाडं मोजताना पाहिलं होतं ना! झाडांचा मोबदला वेगळा मिळतो हे इथलं शेंबडं पोर जाणतं. एकाने तर परवाच चाळीस हापूसची कलमं लावून टाकली होती. तो म्हणाला, तेवढी वहीत घ्या. भाऊसाहेबांनी घेतली. ‘आंबा कलमे, नग ४०, वय : दोन दिवस, मोहर : निरंक.’

सगळे पांगल्यावर एक जण मागे राहिला. ओढ्यापलीकडचा होता.

“माझ्या करवंदीच्या जाळीत तो शिट्टीवाला हाय,” तो म्हणाला. “पाला-काड्या नेतोय. घर बांधणार. माझ्या नंबरात लिवा त्याला.”

“कशासाठी?”

“तसला पक्षी असला की सरकार जमीन घेत नाय म्हणतात.”

“तुमची सजा वेगळी. तुमच्या तलाठ्याकडे अर्ज करा.”

“त्याच्याकडं चार सजा. महिन्यातून एकदा येतो. तोवर पिल्लं उडून जातील.”

भाऊसाहेब गप्प झाले. चादरीवरचा अनोळखी इसम क्र. २३ त्यांच्या चष्म्यावर येऊन बसला, तरी त्यांनी हात हलवला नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो. नोकरीभर त्यांनी एकाच गोष्टीचा मनापासून तिटकारा केला होता, आणि ती म्हणजे दुसऱ्याच्या सजेचा अतिरिक्त कार्यभार. त्यापायी सुट्ट्या गेल्या, लेकीच्या बारशाला ते दुसऱ्या गावच्या पंचनाम्यावर होते, हे काकूंनी मला अनेकदा ऐकवलं आहे.

“भाचेबुवा,” ते म्हणाले, “लिहून घ्या. विषय : ओढ्यापलीकडील सजेचा अतिरिक्त कार्यभार सोपवणेबाबत. कालावधी : नवरंगाची पिल्लं उडेपर्यंत. विशेष भत्ता : निरंक.”

मी लिहिलं. पण आदेशावर सही वरिष्ठांची लागते, स्वतःच्या आदेशावर स्वतः सही करणारा माणूस भाऊसाहेब नव्हेत. मी तो कागद घेऊन घरी गेलो, काकूंना उठवलं. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, लाल पेन मागून घेतलं, आणि कोपऱ्यात लिहिलं : ‘मंजूर. अट : चादर स्वतः धुऊन परत करणे.’